जांगडावर आणलेली रॅम

पिंपळगाव राजा, गुरुवार

शोभाच्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत बसायला जागा नव्हती. खोलीत कापूस होता. दाराच्या चौकटीपासून मागच्या भिंतीपर्यंत चढत गेलेला, खिडकीची खालची फळी बुडवून टाकलेला पांढरा ढीग. त्यातून जेमतेम एक वाट मोकळी ठेवली होती. ती वाट एका टेबलापाशी संपत होती आणि त्या टेबलावर संगणक होता.

बुलढाणा जिल्ह्यात हिवाळ्यात गेलेल्याला हे दृश्य अनेक घरांत दिसेल. वेचलेला कापूस लगेच विकायचा नाही, भाव वर येईपर्यंत घरात ठेवायचा, ही इथली रीत. आमच्याकडे नाशिकला कांदा साठवतात, पण तो चाळीत, घरापासून दूर. इथे माल माणसांसोबत राहतो. खोल्या एकेक करून कापसाला दिल्या जातात आणि माणसं उरलेल्या जागेत सरकून घेतात. त्याची कुणी तक्रार करताना ऐकलं नाही.

शोभा माझी कॉलेजची मैत्रीण. लग्नानंतर ती खामगाव तालुक्यातल्या या मोठ्या गावात आली. नवरा मधुकरराव शेती करतात. मुलगी प्रणाली बी.एस्सी. होऊन गावातल्या ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या केंद्रात काम करते. संगणक तिचा. खामगावातला एक संगणक वर्ग बंद झाला तेव्हा तिने तो जुना घेतला आणि पगारातून त्यात एकेक भाग नवा बसवत गेली. त्यावर ती खेळते. पाच जणांचा संघ, समोर दुसरा पाच जणांचा संघ, आणि पडद्यावर बंदुका. तिच्या संघातले दोघे नागपूरचे, एक अकोल्याचा, कप्तान इंदूरचा. प्रत्यक्षात कुणी कुणाला भेटलेलं नाही.

मी गेले त्या आठवड्यात प्रणालीसमोर एक अडचण होती, आणि माझे पुढचे तीन दिवस त्या अडचणीमागे गेले. रविवारी संध्याकाळी एका ऑनलाइन स्पर्धेसाठी संघ पक्का व्हायचा होता. तिचा नेम चांगला, पण ऐन गर्दीच्या वेळी तिच्या पडद्यावरचं चित्र थिजायचं. परत हलू लागायचं तोवर ती मेलेली असायची. कप्तानाने स्पष्ट सांगितलं होतं, रविवारी पुन्हा तसं झालं तर तिच्या जागी दुसरा खेळाडू येईल.

"रॅम कमी पडते, मावशी," ती म्हणाली.

मी रॅम म्हणजे नक्की काय ते विचारलं. तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"हार्डडिस्क म्हणजे आपली धान्याची कोठी. रॅम म्हणजे ओटा, मशीनमधी खोचलेली लहानशी पट्टी. कोठीत कितीबी असू द्या, ओटा लहान असला की एक भांडं उचलल्याबिगर दुसरं ठेवता येत नाई. माह्या मशीनले आठ जीबीचा ओटा आहे. गेमले सोळा लागते."

"तं मंग मोठा ओटा घे न," मधुकरराव ढिगाला टेकून बसल्या जागेवरून म्हणाले.

"भाव चढून राह्यले, बाबा. जगातले कारखाने सगळा माल मोठ्या मोठ्या सर्व्हरवाल्यायले देऊन राह्यले. आपल्या वाट्याले उरत नाई."

"वा! कापसाचा भाव जागचा हालत नाई अन् तुह्या त्या पट्टीचा चढून राह्यला. आपुन औंदा पट्ट्याच पेरायले पाह्यजे होत्या."

रात्रीच्या जेवणाला ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी आणि कळण्याची भाकर होती. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. भाकरी जाड, किंचित चिकट, आणि ठेच्याबरोबर तिला तोड नाही. नाशिकला परतल्यावर हे पीठ दळून घेऊन करून पाहिली. तशी झाली नाही.

चिखली, शुक्रवार

खामगावच्या दुकानांत प्रणाली आधीच जाऊन आली होती. तिथे सोळा जीबीची नवी पट्टी होती, पण तिचा भाव ऐकून ती बाहेर आली होती. म्हणून आम्ही दोघी चिखलीला निघालो. मधुकरराव म्हणाले, "मावशीले घाटबी दिसन." घाट म्हणजे खामगावचं सपाट काळं रान सोडून एस.टी. उंद्रीकडे चढू लागते तो रस्ता. सकाळच्या उन्हात उतारावरची सागाची पानं वाळून तपकिरी झाली होती. वर अमडापूरकडे हरभरा हिरवा होता, तुरी पिवळ्या पडत होत्या. कुठे कुठे अजून कापूस वेचणाऱ्या बाया पाठमोऱ्या दिसत होत्या.

चिखली हे बाजाराचं गाव. स्टँडवर आलूबोंडा कढीत बुडवून देतात. बोंड्यावर कढी ओतायची की कढीत बोंडा सोडायचा, यावर गाडीवाला आणि एक गिऱ्हाईक यांच्यात वाद चालू होता. आम्ही दोन्ही पद्धतीने खाल्ला. फरक आढळला नाही.

दुकान मुख्य रस्त्यावर होतं. मालक पस्तिशीचा, अंगात स्वेटर, कानाला फोन. प्रणालीने आपल्या संगणकातल्या जुन्या पट्टीचा फोटो दाखवला. पट्टीवरच्या लेबलावर सगळं लिहिलेलं असतं, कोणत्या पिढीची, किती क्षमतेची, किती वेगाची. मालकाने फोन खाली ठेवला.

"ही डीडीआर फोर. माह्यापाशी आता नवीन डीडीआर फाईव्ह आहे. तुमच्या बोर्डात जाणार नाई. खाच येगळ्या जागी असते." त्याने दोन पट्ट्या शेजारी ठेवून दाखवल्या. खरोखरच, खालच्या कडेची खाच एका पट्टीत जरा सरकलेली होती. "जोर लावून बसवली तं बोर्ड जाईन."

"ते माहीत आहे, दादा. फोर नाई का एखादी?"

"एक आहे. पण लायटिंगवाली." त्याने डबा उघडला. पट्टीच्या वरच्या कडेला दुधी काचेसारखं आवरण होतं. त्याने ती एका उघड्या संगणकात बसवून दाखवली. ती निळी, मग जांभळी, मग हिरवी झाली.

मला ती सुंदर वाटली आणि मी तसं म्हटलं.

"लाइटनं गेम पळत नाई, मावशी," प्रणाली म्हणाली. "लाइटचे पैसे येगळे."

मालक हसला. पुढे तो जे बोलला ते मी नाशिकच्या दुकानात कधी ऐकलेलं नाही. "ताई, ही विकाले मले काही हरकत नाई. पण तुम्हाले सोळाची एक घेण्याची गरज नाई. तुमच्यापाशी आठ आहे. तशीच आठ अजून लावा. दोघी जोडीनं काम करतात, एकीपेक्षा बरं चालते. अन् आठची जुनी मिळून जाते. माह्यापाशी नाई. देऊळगाव राजाले माहा साडू आहे, राजूशेठ. त्यानं एका ऑफिसच्या मशीनी उचलल्या. त्याच्यापाशी पाहा."

त्याने आमच्यासमोरच फोन लावला, सांगितलं, "पोरगी पाठवून राह्यलो, तिले समजते सगळं, तिले फसवू नको बे," आणि फोन ठेवला. आम्ही त्याच्याकडून काहीच घेतलं नाही. निघताना त्याने चहा मात्र प्यायला लावला.

देऊळगाव राजा, शुक्रवार दुपार

चिखलीहून दक्षिणेकडे गेलं की रान बदलतं. देऊळगाव महीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेडनेटचे पांढरे मांडव दिसतात. आत मिरचीचं, टोमॅटोचं बियाणं तयार होतं. एकेका फुलावर बाया हाताने परागकण लावतात. बसमध्ये शेजारी बसलेली बाई अशाच एका मांडवाकडे निघाली होती. तिला विचारलं, डोळ्यांना त्रास होत नाही का. "होतो की," ती म्हणाली, "पण सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला कोणी विचारतं का?" इथे "मले" जाऊन "मला" आला होता. जालना जवळ आल्याची ती खूण.

राजूशेठचं दुकान बालाजीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पाटी साड्यांची. आत पांढऱ्या गादीवर लग्नाच्या खरेदीला आलेलं एक कुटुंब बसलेलं, समोर उलगडलेल्या साड्या. उजव्या हाताच्या भिंतीशी काचेचं कपाट आणि त्यात संगणकाचे भाग. राजूशेठ चाळिशीतले, पांढरा सदरा. साड्यांचं दुकान वडिलांचं आणि संगणकाची आवड स्वतःची. दोन्ही सोडवत नाहीत म्हणून दोन्ही एका छपराखाली.

त्यांनी प्रणालीचा फोटो पाहिला, गादीवरून उठले, आणि कपाटाला हात लावण्याआधी शेजारच्या लोखंडी तिजोरीवर तळहात टेकवला.

"साड्यांत बसतो ना," ते म्हणाले. "नायलॉनच्या घड्या मोडून मोडून अंगात करंट राहतो. तसाच हात रॅमला लावला तं गेली ती. आधी लोखंडाला हात लावायचा, मग मालाला."

चंदेरी पिशव्यांतून त्यांनी तीन पट्ट्या काढल्या. तिन्ही आठ जीबीच्या, तिन्ही जुन्या. एक प्रणालीच्या पट्टीच्याच कंपनीची. दुसरी जास्त वेगाची, अंगावर ॲल्युमिनियमचं कवच असलेली. तिसरी साधी, हिरवी, नाव न ऐकलेल्या कंपनीची, सगळ्यांत स्वस्त.

"जास्त वेगाची घेऊन फायदा नाही, शेठ," प्रणाली म्हणाली. "माझी हळू आहे. दोघी तिच्याच चालीनं चालतील."

"बरोबर. बैलजोडीचं तसंच असतं."

गादीवरच्या नवरीच्या आईने मान लांब केली. "काय घेऊ राहिली गं, बाई?"

"कॉम्प्युटरची रॅम. खामगावहून आलो तिच्यासाठी."

"एवढीशी? अन् येवढ्याच्यासाठी पार खामगावहून आली? आमच्या पोरीला तं दोन गल्ल्या ओलांडून ब्लाऊजपीस आणायला कंटाळा येतो."

नवरी म्हणाली, "आई, तुझ्याच पसंतीचं आणायचं असलं की कंटाळा येतो." गादीवर हशा झाला.

कोणती पट्टी जुळेल हे लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, एवढ्यावर राजूशेठ आणि प्रणालीचं एकमत झालं. कागदावर सगळं जुळूनही दोन पट्ट्यांचं आपसात पटत नाही, असं होतं. राजूशेठनी तिन्ही पट्ट्या पुन्हा चंदेरी पिशव्यांत घातल्या, साडीच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवल्या आणि खोकं प्रणालीच्या हातात दिलं.

"जांगडावर घिऊन जा. तिन्ही लावून बघा. जी जमली ती ठेवा, बाकीच्या वापस द्या. पैसे तेव्हाच."

जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. कापडाच्या आणि सोन्याच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. लग्नघर दहा साड्या घरी नेतं, घरातल्या सगळ्या बायकांना दाखवतं, चार ठेवतं, सहा परत करतं. दुकानदार माल देताना पैसे घेत नाही, माणूस पाहतो. पण ती रीत संगणकाच्या मेमरीला लागू झालेली मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या शहरात अशा दुकानांत "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी गणपतीच्या फोटोच्या खालीच असते.

मी विचारलं, अनोळखी मुलीच्या हाती तीन पट्ट्या कशा दिल्या.

"अनोळखी कशी? साडूनं पाठवली. गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं." त्यांनी खोक्याला दोरी बांधली. "जांगडाचा एकच नियम असतो, ताई. परत आलेल्या मालाबद्दल नेणाऱ्यानं खरं सांगायचं. साडीवर डाग पडला तं डाग पडला म्हणायचं. बंद पडली असं कोणी म्हटलं तं मी ती पट्टी फेकून देतो, दुसऱ्याला देत नाही. म्हणून खरं सांगायचं."

संध्याकाळी बालाजीचं दर्शन घेतलं. गाभाऱ्यासमोर रांग छोटी होती. प्रणालीने खोकं बगलेत धरूनच नमस्कार केला. रात्री मंदिराजवळच्या लॉजवर राहिलो आणि सकाळी पहिल्या गाडीने निघालो.

पुन्हा पिंपळगाव राजा, शनिवार

संगणकाच्या पेटीची एक बाजू उघडीच होती. खेळताना तो तापतो म्हणून प्रणालीने तिचं झाकण काढून ठेवलं होतं आणि समोर टेबल पंखा लावला होता. ही युक्ती मी इतर ठिकाणीही पाहिली आहे.

आत मेमरीच्या दोन खाचा होत्या. एकीत जुनी पट्टी, दुसरी रिकामी. तिने खिडकीच्या गजाला हात लावला, त्याच कंपनीची पट्टी रिकाम्या खाचेत बसवली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा राहिला. पेटीतून टीं टीं असा आवाज येऊ लागला.

तिने दुसरी लावली. तोच आवाज. तिसरी. तोच.

"तिन्ही खराब दिल्या त्यानं," मधुकरराव म्हणाले. "जुना माल तसाच असते. सोमवारी नेऊन टाक परत. पैसे तं गेले नाई न?"

"अन् उद्याचं?" शोभाने विचारलं.

पैसे वाचले होते, रविवार वाचत नव्हता. प्रणाली पेटीसमोर मांडी घालून बसली होती.

"तिन्ही एकदम कशा खराब असतीन, बाबा?"

"काऊन? असू नाई शकत काय?"

"मी खराब आहे म्हटलं की राजूशेठ फेकून देतीन. चांगल्या असल्या तं? बिनकामाचा बट्टा लागन मालाले. आधी पक्कं पाह्यतो."

तिने जुनी पट्टी काढली आणि तिच्या जागी, पहिल्या खाचेत, आणलेली हिरवी एकटी बसवली. पडदा उजळला. मग कवचवाली. उजळला. मग आपल्याच कंपनीची. उजळला. शेवटी तिने आपली जुनी, दोन वर्षं विनातक्रार चाललेली पट्टी दुसऱ्या खाचेत एकटी बसवली. टीं टीं.

"पट्ट्या चांगल्या आहेत," ती म्हणाली. "खराबी आपल्याच घरात आहे."

शोभाने फोनची बॅटरी लावून पेटीत डोकं घातलं. संगणकातलं तिला काही कळत नाही, पण कापूस कळतो. "अवं, हे पाह्य. हे काय आहे इथं?"

रिकाम्या खाचेच्या तळाशी, सोनेरी काट्यांच्या मधोमध, करड्या रंगाची बारीक वात बसली होती. कापसाचे तंतू आणि वाळल्या पानाचा चुरा. दिवाळीपासून ढीग पंख्यामागे होता, पेटी उघडी होती, आणि पंखा रोज संध्याकाळी ढिगावरून वारा घेऊन पेटीत फुंकत होता. ज्या खाचेत पट्टी होती तिथे तंतूंना शिरायला जागा नव्हती. रिकामी खाच भरत गेली. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. ही चूक करायला घरात कापूसही लागतो आणि गेमिंगचा संगणकही.

प्रणालीने भुवया कोरायच्या चिमट्याने वात उचलली. मग रंगाच्या कोरड्या ब्रशने खाच झाडली. मधुकररावांनी सायकलचा पंप आणला आणि तिने सांगितलं तेवढ्याच अंतरावरून हवा मारली. तिने हिरवी पट्टी बसवली. पडद्यावर सोळा आकडा आला. खेळ सुरू करून तिने तासभर चालवला. दुसऱ्या दोन्हीही तितक्याच चालल्या. तिने स्वस्त हिरवीच ठेवायचं ठरवलं.

प्रश्न एवढ्यावर सुटला नव्हता. झाकण लावलं तर पेटी तापणार, उघडं ठेवलं तर तंतू शिरणार. इंटरनेटची तार फक्त त्याच खोलीत आलेली. कापूस विकायचा तर मधुकरराव चांगल्या भावासाठी थांबले होते. ते ढिगाकडे पाहत राहिले.

"आज विकून टाकू का?" शोभाने हळूच विचारलं.

"विकायचा कायले? कापसाले काही इंटरनेट लागत नाई. त्याले कुठंबी झोपता येते."

त्यांनी कपाटातून जुन्या चादरी काढल्या. चादरीत कापूस भरायचा, चार कोपरे बांधायचे, गाठोडं डोक्यावर घेऊन मागच्या झोपायच्या खोलीत रिकामं करायचं. शेजारून मधुकररावांचे भाऊ आले. मीही गाठोडी उचलली. कापूस हलका असतो हा समज पहिल्या काही खेपांत जातो. अंगाला खाज सुटते, नाकात तंतू जातात, आणि ढीग कमी झाल्यासारखा दिसत नाही. दिवेलागणीच्या सुमाराला पुढच्या खोलीची फरशी दिसली. शोभाने ती दोनदा पुसली. त्या रात्री घरातल्या सगळ्यांच्या गाद्या त्याच खोलीत, संगणकाभोवती पडल्या.

रविवार

निवडीचे सामने संध्याकाळी सुरू झाले. मधुकरराव खुर्चीवर, शोभा उभी, पडद्याकडे पाठ करून. तिला बघवत नव्हतं. प्रणालीच्या कानावर हेडफोन होते, पण कप्तानाचा आवाज थोडा बाहेर ऐकू येत होता. "प्रणाली, मार्केट में सब आएँगे. देख लेना."

खेळातला हा बाजार म्हणजेच तिची अडचण. दहाही खेळाडू एका चौकात येतात, धूर सुटतो, गोळ्या उडतात, आणि नेमकं तिथे तिचं चित्र थिजायचं. आम्ही वाट पाहत होतो. खेळाडू आले. धूर आला. चित्र हलत राहिलं. प्रणालीने एकाला टिपलं, दुसऱ्याला टिपलं, भिंतीआड वळली आणि तिसऱ्याने तिला टिपलं.

"मेली?" मधुकररावांनी विचारलं.

"हाव."

"अटकली होती काय?"

"नाई. त्यानं माह्यावर मात केली."

पहिला सामना संघ हरला. दुसरा जिंकला, त्यात शेवटपर्यंत उभी राहिलेली प्रणालीच होती. तिसरा थोडक्यात गेला. मग हेडफोनमध्ये बराच वेळ बोलणं चाललं, त्यातलं आम्हाला काही ऐकू आलं नाही. ती फक्त "हाँ भैया, हाँ" म्हणत होती. शेवटी तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"घेतलं मले. उद्यापासून प्रॅक्टिस."

शोभाने तेव्हा कुठे पडद्याकडे तोंड केलं. मधुकरराव उठले, पाठ सरळ केली. कालच्या गाठोड्यांनी ती अजून धरलेली होती.

"तीनातले दोन हरली तरी घेतलं? एवढा कापूस आपुन हरायले हलवला काय वं?"

"हाव, बाबा," प्रणाली म्हणाली. "आतापर्यंत मी अटकून हरत होती. आज खेळून हरली."